घामाचा बर्फ

कुमुदमावशी गेल्याची बातमी मला झाशी जिल्ह्यातल्या गरौठ्याला, तहसील कचेरीसमोर कळली. वीजबिलांतल्या चुकांविरुद्ध आमचं धरणं चाललं होतं, माइक माझ्या हातात होता आणि पिशवीतला फोन वाजायचा थांबेना. शेवटी माइक दुसऱ्याकडे देऊन मी कडुनिंबाखाली गेले. रश्मीचा फोन होता. "दीदी, मैडम नहीं रहीं," ती म्हणाली. मला वाटलं आता रडेल. पण ती विचार करत होती. "पापा वहीं बैठे हैं न?" तिनं विचारलं. बसले होते. तिचे वडील रामसेवकजी, गरौठ्याचे दूधवाले, धरण्याच्या पहिल्या ओळीत सतरंजीवर मांडी घालून. "उन्हें अभी मत बताइएगा. नौकरी गई, ये मैं खुद बताऊँगी."

मृत्यू होऊन तास झाला नाही आणि ही पोरगी नोकरीचं बोलते, असं कुणाला वाटेल. मला नाही वाटलं. ती नोकरी काय चीज आहे हे रश्मीला, मला आणि मावशींना, एवढ्यांनाच ठाऊक आहे असं आम्ही धरून चाललो होतो. कागदावर रश्मी एका दफ्तरात, म्हणजे ऑफिसात, कारकून होती. प्रत्यक्षात ती झाशीतल्या नगरा भागात, मावशींच्या गच्चीवर, उन्हापासून बर्फ करायचं यंत्र बनवत होती. यंत्र अर्धं झालं होतं. दफ्तर म्हणजे मावशी. मावशी गेल्या म्हणजे दफ्तर गेलं, आणि दफ्तर गेलं की मुलीला गरौठ्याला परत नेऊन तिचं लग्न लावायला वडिलांना कोण अडवणार?

कुमुद सप्रे हे नाव महाराष्ट्रातल्या वाचकांना माहीत असायचं काही कारण नाही. झाशीतसुद्धा त्यांना ओळखणारे बहुतेक लोक चुकीच्या कारणानं ओळखत. त्या माझ्या आईची मैत्रीण. आमचं घर झाशीतलं जुनं, पेशव्यांच्या कारभाराबरोबर आलेलं. त्यांचे वडील भुसावळहून रेल्वेबरोबर आले आणि नगऱ्यात राहिले. मावशी आमच्या मराठीला 'ऐतिहासिक' म्हणायच्या, आणि आम्ही त्यांच्या मराठीला 'भुसावळ जंक्शन'. त्यांनी लग्न केलं नाही, रेल्वेच्या हिशेब खात्यात नोकरी करून निवृत्त झाल्या. इथवर सगळं सरळ आहे. शोकसभेत याच्या पुढचं बोलायला एक नेते उभे राहिले आणि त्यांनी मावशींना 'गरीबों की मसीहा' करून टाकलं. दुसऱ्यांनी समाजसेविका म्हटलं, तिसऱ्यांनी ममतेची मूर्ती. मी मागे उभी राहून दात खात होते. मावशींनी गरिबाला गरीब म्हणून कधी काही दिलं असेल तर मला माहीत नाही. ममतेचं तर नावच काढू नका. चहात साखर कमी पडली तर पाहुण्याला त्या डबा कुठल्या फळीवर आहे तेवढं सांगत. त्या समाजसेविका मुळीच नव्हत्या. त्यांना संशोधक हवे होते. इथं आजवर कुणी केलं नाही असं काही मोठं बनवू बघणारं माणूस शोधायचं आणि ते यंत्र होईतो त्याला पोसायचं. पेन्शन आणि भुसावळचा विकलेला प्लॉट त्यांनी यात घातला. बदल्यात एवढंच मागायच्या, की यंत्र चालेल किंवा बंद पडेल तेव्हा मला समोर बसवा.

या उद्योगाची सुरुवात एका चुकीनं झाली, आणि ती चूक झाशीतल्या मराठी माणसाशिवाय दुसऱ्या कुणाला करता आली नसती. मावशींची नोकरी सगळी इंग्रजीत, घर मराठीत. हिंदी त्या बोलायच्या भरपूर, पण लिहायची वेळ कधी आली नव्हती. निवृत्तीनंतर त्यांनी स्वतःच्या अकलेनं एक पाटी रंगवून घेतली आणि फाटकावर लावली: 'संशोधन हेतु पूरी सहायता. हर मंगलवार.' आता मराठीत संशोधन म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. पण हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती. बिल में संशोधन, मतदाता सूची में संशोधन, नाम में संशोधन. पहिल्याच मंगळवारी गल्लीच्या तोंडापर्यंत रांग लागली. मी तेव्हा वीजबिलांच्या मोहिमेत नवीनच होते. ही कोण आमच्याआधी पुढे सरसावलेली कार्यकर्ती, ते बघायला गेले. आत बघते तर कुमुदमावशीच खुर्चीत बसलेल्या, भोवती माणसांचा गराडा, आणि एक जण त्यांना पटवून देत होता की रेशन कार्डात त्याची बायको त्याच्या आईपेक्षा मोठी दाखवली आहे. मला बघून त्यांनी मराठीत विचारलं, "अगं, ही सगळी माणसं आपापली यंत्रं कुठं ठेवून आलीत?"

मी अर्थ सांगितला. त्यांनी पाटीकडे बघितलं, रांगेकडे बघितलं. "मग आपल्या संशोधनाला हे लोक म्हणतात काय?" मी म्हटलं, शोध म्हणतात, अनुसंधान म्हणतात, आणि नवीन काही काढलं तर आविष्कार. "आविष्कार तर नाटकातला नट करतो," मावशी म्हणाल्या. मी फुकटात नवी पाटी लिहून द्यायला तयार होते. पत्रकं आणि फलक लिहिणं हेच तर माझं काम. त्यांनी मला बसवून घेतलं आणि संध्याकाळपर्यंत सोडलं नाही. हिशेब खात्यातली बाई, बिलं त्यांना वाचता यायची. निम्म्या लोकांचे अर्ज त्यांनी तिथंच करून दिले. आणि प्रत्येकाला एक प्रश्न विचारत राहिल्या: बिल सोडा, मुळात काय चुकलंय? बहुतेक लोक सरकारचं नाव घेत, काही जण नशिबाचं. पण एखादा माणूस थांबायचा, डोकं खाजवायचा आणि पंपाबद्दल किंवा तारेबद्दल किंवा मातीबद्दल काहीतरी बोलायचा, की मावशी पुढे सरकून बसायच्या.

त्या संध्याकाळी त्यांनी पाटी बदलायला नकार दिला. मला म्हणाल्या, "मी संशोधक पाहिजेत असं नीट लिहिलं तर कोण येईल माहिताय? ज्याला आपण संशोधक आहोत अशी खात्री आहे तो. तसा एक काल, मंगळवारची वाटही न बघता, आला होता. कायम फिरणारं चाक घेऊन. मी म्हटलं, फिरतं ठेवून जा, महिन्यानं न्यायला या. तो चाकच घेऊन गेला. बाकीचे लाजतात गं. पण काहीतरी चुकलंय असं ज्याला वाटतं तो लाजत नाही, तो तणतणत येतो. तुझ्यासारखा." मग माझं पत्रक उचलून म्हणाल्या, "उद्गारचिन्हांना बिल येत नाही म्हणून एवढी वापरतेस का?" तेव्हापासून मी दर मंगळवारी जायला लागले. पत्रकातली उद्गारचिन्हंही कमी केली, पण ते त्यांना कळू दिलं नाही.

आमच्याकडे बुंदेलखंडात दूध आटलेली जनावरं मोकळी सोडून देतात, त्यांना अन्ना जनावरं म्हणतात. ती रात्रीत शेतं साफ करतात. गुरसराय गावचा एक मोबाइल दुरुस्त करणारा माणूस जमिनीच्या नोंदीतली चूक घेऊन आला आणि बोलता बोलता म्हणाला की कुंपणाऐवजी आवाज वापरता येईल, माणसाला ऐकू न जाणारा, जनावराला नको वाटणारा. मावशींनी त्याला ठेवून घेतलं. वर्षभर त्यानं भोंगे बनवले. चाचणीच्या दिवशी आम्ही सगळे शेतात गेलो, भोंगे सुरू झाले, आणि गाई पळण्याऐवजी चारी बाजूंनी येऊन ऐकत उभ्या राहिल्या. मला हसू आवरेना. तो बिचारा जमिनीत जाऊ बघत होता. मावशी मात्र खुर्चीतून उठल्या होत्या. "का आल्या पण?" एवढंच त्या म्हणत होत्या. "भैया, आईं क्यों?" परतीच्या वाटेवर त्यांनी त्याला पुढचं वर्षही पोसायचं कबूल करून टाकलं, कारण गाई का आल्या हे त्यांना कळायलाच हवं होतं. सध्या तो आवाजानं जनावरं गोठ्यात बोलवायचं बघतोय.

रश्मीला मीच नेलं होतं, तिच्या वडिलांसकट. रामसेवकजींनी दूध थंड ठेवायला विजेचं यंत्र घेतलं होतं. वीज यायची ती नको तेव्हा, दूध नासायचं, आणि बिल यायचं यंत्र दिवसरात्र चालल्यासारखं. माझ्या मोहिमेसाठी याहून चांगली केस नव्हती. मावशींनी बिल वाचलं, चूक काढली, अर्ज लिहिला आणि नेहमीचा प्रश्न विचारला. रामसेवकजींनी सरकारचं नाव घेतलं. त्यांच्यामागे उभी असलेली ही पोरगी, पॉलिटेक्निकची पदविका झालेली, तोवर गप्प होती. ती म्हणाली, "जहाँ इतना घाम है, वहाँ ठंडा करने को तार काहे चाहिए? घाम से बरफ बन सकती है."

मावशी तिच्याकडे बघतच राहिल्या. मग गंभीरपणे विचारलं, "कितने आदमियों का?"

रश्मी गोंधळली, रामसेवकजी माझ्याकडे बघायला लागले, आणि मला उशिरानं उजेड पडला. बुंदेलीत घाम म्हणजे ऊन. मावशींच्या डोक्यात मराठी घाम होता, अंगाला येतो तो, आणि त्या खरोखरच किती माणसांच्या घामाचा किती बर्फ होईल याचा अंदाज बांधत होत्या. मी समजावलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. रामसेवकजीही हसले. मग मावशी एकदम थांबल्या… "पण ते तरी कुठं चूक आहे? माठ घामेजतो म्हणून तर पाणी गार होतं." हे त्यांनी हिंदीत सांगितलं आणि रश्मी वडिलांना ओलांडून पुढे आली. वही तो, मैडम, वही तो है, असं म्हणत तिनं बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चित्र काढायला सुरुवात केली.

ते चित्र मला नंतर समजलं, इतक्यांदा ऐकल्यावर. नारळाच्या करवंटीचा खास भाजलेला कोळसा काळ्या पेटीत भरायचा, वर काच. खाली एक बंद डबा, त्यात एका जातीचं स्पिरिट. मधे नळी, आणि आत हवेचा कणही नको. रात्री कोळसा गार झाला की तहानल्यासारखा स्पिरिटची वाफ पिऊन टाकतो. खालचं स्पिरिट उडून जाताना शेजारच्या ट्रेमधल्या पाण्याची उष्णता ओढून नेतं, अंगावरचा घाम वाळताना नेतो तशीच, पण इतकी की पाण्याचा बर्फ व्हावा. दिवसा ऊन कोळशाला प्यायलेलं सगळं ओकायला लावतं, वाफेचं पुन्हा स्पिरिट होऊन ते डब्यात उतरतं. मोटर नाही, तार नाही. रश्मी म्हणाली, जगात हे कुणी केलंच नाही असं नाही, पण गावातल्या दूधवाल्याला परवडेल, रोज चालेल आणि त्याला स्वतःला दुरुस्त करता येईल असं केलेलं तिला कुठं दिसलं नव्हतं. तिला प्रत्येक दूधवाल्याच्या छतावर एकेक हवं होतं, मग लशी ठेवणाऱ्या आरोग्य केंद्रांवर, मग मटारवाल्यांकडे… बोलायला लागली की तिला थांबवणं कठीण.

रामसेवकजींनी मात्र थांबवलं. झालं का तुझं, म्हणाले, आणि बिलाचा कागद घडी घालून खिशात ठेवला. घरी लग्नाचं बघत होते. उरईचं एक स्थळ होतं. मुलगी काय करते म्हणून विचारलं तर काय सांगायचं, उन्हाकडे बघत बसते? इथं मी तोंड उघडणार होते. मुलींच्या शिक्षणावर माझं एक अख्खं भाषण तयार असतं. मावशींनी मला हातानं थांबवलं आणि रामसेवकजींना म्हणाल्या की आमच्या दफ्तरात एक जागा रिकामी आहे. संशोधन सहायक. रामसेवकजींनी दाराबाहेरच्या रांगेकडे बघितलं, टेबलावरच्या अर्जांकडे बघितलं. दुरुस्त्या करून देणारी कारकून. पंख्याखाली बसायचं काम. "पक्की है?" त्यांनी विचारलं. मावशी म्हणाल्या, "जब तक मैं हूँ, पक्की."

एक शब्दही त्या खोटा बोलल्या नव्हत्या. मराठीत ती संशोधनाची नोकरी होती, हिंदीत दुरुस्तीची. आणि नोकरी म्हटल्यावर मावशींनी ती नोकरीसारखीच चालवली. दहा म्हणजे दहा, जेवायची सुट्टी, रविवारी बंद, दिवाळीला मिठाईचा डबा, पगाराची पावती. रश्मी नगऱ्यातच एका घरी इतर मुलींबरोबर राहायची. पाच वाजले की मावशी गच्चीच्या दाराला कुलूप घालत. एखादं सांधकाम अर्धं असलं आणि रश्मीनं कितीही विनवलं तरी. मला हा जाच वाटायचा. त्या म्हणायच्या, तुला काय कळतं, घरच्यांना यंत्र दिसत नाही, वेळ दिसते. मुलगी रोज वेळेवर खोलीवर परत येते असं गावी कळलं, म्हणजे ती नोकरीच करते. मी सरकारी योजनांवर आणि त्यांच्या सोहळ्यांवर पत्रकं काढली आहेत, पण संशोधक जगवायचा तर त्याला पैशाआधी एक सांगता येण्यासारखी नोकरी लागते, हे मला कुठल्या योजनेत लिहिलेलं दिसलं नाही.

पहिल्या उन्हाळ्यात काहीच झालं नाही. कुठूनतरी हवा शिरायची. रश्मी सांधे जोडायची, उकलायची, पुन्हा जोडायची, मनगटापर्यंत काळी. मग पाणी गार व्हायला लागलं, बोटं झिणझिणतील इतकं. जानेवारीतल्या एका सकाळी ट्रेवर पापडाएवढा बर्फ सापडला. रश्मी तो ताटलीत घेऊन धावत खाली आली. मावशींनी चष्मा लावून तो नीट बघितला, बोटानं मोडला, आणि म्हणाल्या, "जानेवारीत माझी पाण्याची टाकीसुद्धा स्वतःला संशोधक समजते. मे महिन्यात कर, मग मी मानीन." त्या दिवशी मला त्यांचा राग आला होता. पण रश्मी, एव्हाना एवढी मराठी कळू लागलेली, हसत होती. तिला हेच उत्तर अपेक्षित होतं.

लखनौला एका स्पर्धेसाठी मी हट्टानं रश्मीला पाठवलं. नवउद्योजकांना मोठी रक्कम मिळणार होती. यंत्राची लहान प्रतिकृती घेऊन ती रात्रभर जनरल डब्यात बसून गेली. तिथल्या वातानुकूलित हॉलमध्ये तिला विचारलं: गाइड कोण, संस्था कोणती, हे सगळं इंग्रजीत सांगाल का. मग एका परीक्षकानं अगदी हसून विचारलं, शादी के बाद भी करेंगी? बक्षीस पूजेचं सामान घरपोच आणणाऱ्या ॲपला मिळालं. मी पेटले. परत आलेल्या रश्मीसमोर बसून मी पत्रकाचा मसुदा मोठ्यानं म्हणत होते आणि मावशी ऐकतच नव्हत्या. त्या रश्मीला विचारत होत्या, "और मशीन के बारे में क्या पूछा?" कुछ नहीं, रश्मी म्हणाली. "कुछ नहीं?" मावशींनी पुन्हा विचारलं. मग माझ्याकडे वळून मराठीत: "यंत्र समोर ठेवलेलं, आणि एकालाही झाकण उघडून बघावंसं वाटलं नाही?" शादीच्या प्रश्नाचं त्यांना काही वाटलं नव्हतं, तसे प्रश्न त्यांनी जन्मभर ऐकले होते. पण समोर ठेवलेल्या गोष्टीबद्दल माणसाला कुतूहल वाटू नये, हे त्यांना खरोखर समजत नव्हतं. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

हे कुतूहल आलं कुठून, असं मी त्यांना एकदा विचारलं होतं.  त्या म्हणाल्या, नोकरीच्या सुरुवातीला एका फिटरची सूचना त्यांच्या टेबलावर आली होती. चालत्या गाडीचा आस तापायला लागला तर आधीच कळावं, अशी काहीतरी युक्ती होती. तरतूद नाही असा शेरा मारून त्यांनीच ती परत पाठवली. नियमच तसा होता. मी ताबडतोब त्यांचं सांत्वन करायला सरसावले. त्यांनी मला झटकलं. "अपराध वगैरे काही वाटत नाही गं मला. तरतूद नव्हतीच. मला फक्त बघायचं होतं, ते चाललं असतं का… अजून बघायचंय."

होळीनंतर मी त्यांना शेवटची भेटले. गुजिया, म्हणजे खव्याच्या करंज्या, खात होत्या आणि नळीच्या तोंडाला लावायच्या नव्या वॉशरबद्दल रश्मीशी वाद घालत होत्या. मे जवळ आला, असं दोघी सारख्या म्हणत होत्या. त्यानंतरच्या आठवड्यात एका सकाळी, हातात चहा असताना, त्यांचं हृदय थांबलं.

तेराव्याला पुण्याहून त्यांचा भाचा अभिजित आला. त्याच्याविरुद्ध मला काहीही म्हणता येत नाही, हीच माझी पंचाईत. घर आता त्याचं होतं. तो शांतपणे म्हणाला की घर बंद करावं लागेल, गच्चीवर विषारी स्पिरिट आहे, काच आहे, उद्या कुणाला काही झालं तर पुण्यात बसून मी काय करणार?  रश्मी दाराशी उभी होती. तिनं वडिलांना फोनवर नोकरी गेल्याचं सांगितलं होतं; ते फक्त 'अच्छा' म्हणाले होते. उरईच्या लोकांना दफ्तरवाली मुलगी पसंत पडली होती, आता दफ्तर नाही म्हटल्यावर ते घाई करणार किंवा लग्न मोडणार, दोन्हीत मे महिना तिच्या हाती लागणार नव्हता.

दुपारी रामसेवकजी आले. खांद्यावर गमछा, हातात दुधाचा डबा. तेराव्याला दूध घेऊन. फोटोपुढे हात जोडून ते बसले आणि आमचं बोलणं ऐकत राहिले. मग अभिजितला विचारलं, भैया, गच्ची कधीपर्यंत रिकामी करायची? अभिजितला वाटलं ते मुलीच्या सामानाचं बोलताहेत. मी मधे पडले. आता लपवण्यात अर्थ नव्हता, म्हणून मी रामसेवकजींना सांगायला लागले की ही नोकरी म्हणजे…

"हमें पता है, दीदी," ते म्हणाले.

पहिल्या उन्हाळ्यातच ते तूप द्यायला न कळवता आले होते. गल्लीतून वर बघितलं तर पोरगी गच्चीवर, तोंड कोळशानं माखलेलं, हातात आग ओकणारी नळी. ते तिथंच थोडा वेळ उभे राहिले. हाक न मारता, तूप न देता परत गेले. "फिर?" मी विचारलं. "फिर का," रामसेवकजी म्हणाले. "गाँव में कह दिया, परमोसन हो गओ."

अभिजित हसला, मी हसले. रश्मी हसली नाही. ती वडिलांकडे बघत होती. "बोले क्यों नहीं?" तिनं विचारलं. रामसेवकजींनी गमछ्यानं तोंड पुसलं. "बोल देते तो रोकना पड़ता. लोग पूछते, घर के पूछते. हम नहीं जानते थे, तो नौकरी थी." मग ते म्हणाले की छत आमच्याही घराला आहे, आणि गरौठ्यात घाम काही कमी नाही. रश्मी हळूच म्हणाली, वहाँ सब देखेंगे, पापा. सगळं गाव बघेल की मुलगी कारकून नव्हती. उरईचे लोकही ऐकतील. रामसेवकजी म्हणाले, "सो देखें."

माझ्या पिशवीत त्या दिवशी एक पत्रक होतं, अर्धं लिहिलेलं, घर बंद करण्याविरुद्ध. ते मी कुणाला दाखवलं नाही.

गेल्या आठवड्यात यंत्र गेलं. अभिजितनं स्वतः काचेखाली गाद्या अंथरल्या. दुधाच्या पिकअपमध्ये रश्मी यंत्राला धरून मागे बसली, मी पुढे. गरौठ्यात गाडी थांबली तेव्हा अर्धी गल्ली बाहेर आली होती. चार माणसांनी ते छतावर चढवलं, आणि मग शेजारी, चुलते, शाळेतून आलेली पोरं, सगळे कठड्याला रेलून बघायला लागले. "जो का आय?" एका म्हाताऱ्यानं विचारलं, हे काय आहे. रामसेवकजींनी कमरेवर हात ठेवले. "दफ्तर आय. मोड़ी को." माझ्या मुलीचं दफ्तर. मग कुणीतरी काच उघडून बघू का म्हणून विचारलं, आणि रश्मी उघडून दाखवायला बसली.

खाली जाऊन रामसेवकजी एक खुर्ची घेऊन आले. "मैडम कहाँ बैठती थीं?" त्यांनी रश्मीला विचारलं. तिनं पाण्याच्या टाकीच्या सावलीकडे बोट दाखवलं. झाशीच्या गच्चीवर मावशी अशाच टाकीच्या आडोशाला बसत, आणि सावली सरकेल तशी खुर्ची सरकवत राहत, कारण त्यांना यंत्रावरची नजर काढायची नसे. रामसेवकजींनी खुर्ची तिथं ठेवली. कुणी बसलं नाही. रश्मी काळ्या पेटीवर वाकून लोकांना कोळसा दाखवत होती, रात्री काय होतं ते सांगत होती. मे अजून यायचाच आहे. बोलता बोलता तिचं लक्ष खुर्चीकडे गेलं. ऊन खुर्चीच्या पायाशी आलं होतं. ती उठली, रिकामी खुर्ची वीतभर सावलीत ओढली, आणि पुन्हा सांगायला बसली.